म्या तं इचारलं

नथ्थूकाकांनी आयुष्यात कधी कुणाला नावं ठेवली नाहीत. असं ते स्वतः सांगत, आणि हे खरं मानणारे अख्ख्या गावात ते एकटेच होते. ते फक्त विचारत. त्यांचा प्रश्नही एकच असे. माणूस बदले, विषय बदले, पण शेपूट ठरलेलं: "काहून नाही?" म्हणजे, का नाही? समोरचा चिडला, की काका दोन्ही तळहात आभाळाकडे करून निष्पापपणाचा पुतळा होत आणि म्हणत, "बाप्पा! म्या तं इचारलं."

मुकुटबन सोडून एस.टी. आत वळते, तिथून पुढे आमचं गाव. मुळात आम्ही मंडळी संशयी. समोरून कुणी हसत आला, तर आम्ही आधी मागे वळून पाहतो, की हा नेमका कुणाला हसला. अशा गावात देवाने नथ्थूकाकांना, तेही हमरस्त्यावर ओटा असलेल्या घरात जन्माला घातलं, यामागे देवाचा काहीतरी डाव असावा असा मला दाट संशय आहे.

दिवाकर गुरुजींनी घर बांधलं. वास्तूच्या जेवणाला गाव लोटलं. काका पोटभर जेवले, बैठकीच्या मधोमध उभे राहिले, चारी भिंतींवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "गुरुजी, खिडक्या काहून नाही ठेवल्या?"

खिडक्या होत्या. चांगल्या तीन होत्या, पडद्यांसकट. पण काकांनी विचारलं आणि सगळ्या पंगतीने माना वळवून खिडक्यांकडे पाहिलं. त्या क्षणापासून त्या खिडक्या लहान झाल्या त्या झाल्याच. दिवाळी झाल्यावर गुरुजींनी गवंडी बोलावून नवी भिंत फोडली. मी काकांना म्हटलं, "तुम्ही त्यांच्या घराला नावं ठेवलीत." काका म्हणाले, "म्या? म्या तं इचारलं. भिंत त्यायनं फोडली."

त्यामुळे काकांच्या ओट्यासमोरून जाताना लोक घरूनच उत्तर तयार करून निघत. सायकल दुरुस्तीवाले रहीमभाई तर लांबूनच ओरडत, "नथ्थूजी, दाढी इसलिए नहीं की, के ब्लेड खतम हो गया!" काकांनी तोवर मान वर करून पाहिलेलंही नसे. ते सुपारी कातरता कातरता म्हणत, "बरं. पण ब्लेड काहून नाही आनलं?"

मी यवतमाळात एका कॉलेजात नोकरीला. गावी गेलो की संध्याकाळ काकांच्या ओट्यावर. एकदा मी त्यांना कोंडीत पकडायचं ठरवूनच गेलो. म्हटलं, "काका, तुमचा प्रश्न साधा नसतो. 'काहून नाही केलं' यात 'करायला पाहिजे होतं' हे दडून बसलेलं असतं. नाहीतर 'तू हत्ती काहून नाही पाळला' असं मला कधी विचारलं का तुम्ही?"

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "तू हत्ती काहून नाही पायला?"

"अं?"

"इचारलं. सांग, झोंबलं का?"

"नाही."

"मंग! झोंबते थे प्रश्नात नसते, बाबू. थे तुह्याजवळ पह्यलेच असते. मी निस्ता हात लावतो."

मी निरुत्तर झालो. (असं झालं होतं, यावर माझ्या बायकोचा आजही विश्वास नाही.) हरल्या पैलवानाने लंगोट सावरावा तसा मी उठलो, चपला घातल्या. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "औंदा वावरात तूर काहून नाही पेरली?"

वावर पडीक होतं, आणि हे मात्र झोंबलं.

काकांचा प्रश्न झोंबत नसे असं गावात एकच माणूस होतं. ती म्हणजे सरूकाकी, त्यांची बायको. काका विचारत, "भाजीत मीठ काहून नाही?" काकी सांगे, "इसरली." बास. बचाव नाही, फणकारा नाही, 'तुम्ही कोणते मोठे' नाही. काका मग गुपचूप उठून मिठाचा डबा आणत. दोघांचा चहा एकाच कपात यायचा. काका अर्धा चहा बशीत ओतून घेत आणि कप काकीकडे सरकवत. काकी आत कामात असली, तर माशा बसू नयेत म्हणून त्या कपावर पालथी वाटी. मला वाटायचं, या माणसाने जगात न विचारता केलेलं एवढं एकच काम असेल.

काकांचा खरा दरबार भरे तो पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे दोन ओळींचं यमक, भर गर्दीत ओरडून म्हणायचं आणि शेवटी महादेवाचा गजर करायचा. गावच्या रिवाजाप्रमाणे तोरण तुटेपर्यंत कुणी झडतीचा राग धरायचा नाही. तुटल्यावर धरायला हरकत नाही. गावात नवी पाण्याची टाकी झाली, पण तिच्यात पाण्याचा थेंब आला नाही, तेव्हा सरपंच बंडूभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यात पुढे उभे होते आणि काकांनी हात वर केला:

"टाकी उभी राह्यली, तिले रंग देला लाल,
सरपंच भाऊ, तिचे काहून कोयडे गाल?"

गजरात बंडूभाऊंनाही हात वर करावा लागला. आठ-पंधरा दिवसांत टाकीत पाणी आलं. बंडूभाऊ सांगत फिरले की ते येणारच होतं. मीही सुटलो नाही. नवे बूट घालून पहिल्या रांगेत उभा राहिलो होतो, ही माझी चूक:

"यवतमाळहून साहेब आला, बुटाले पालिस,
गावच्या चिखलानं काहून नाही केली मालिस?"

बूट तिथेच काढून मी अनवाणी घरी गेलो. गाव आठवडाभर हसलं.

सरूकाकी गेली आणि काका थोडे गप्प झाले. ते साहजिकच होतं. पण त्यानंतरच्या एका पोळ्याला जे झालं, ते गावाला साहजिक वाटलं नाही. त्या पावसाळ्यात नवा रस्ता वाहून गेला होता. रस्ता बंडूभाऊंच्या भाच्याने केलेला. काकांच्या झडतीसाठी शेजारच्या गावाहूनसुद्धा माणसं आली होती. काका तोरणाखाली गेले. हात वर केला. पहिली ओळ म्हटली, "रस्ता आला गावात, त्याले टाकलं डांबर..." आणि थांबले. लोक हसायच्या तयारीत. काका बैलांकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या वर केलेल्या हाताकडे. मग हात खाली घेतला आणि गर्दीतून वाट काढत घरी निघून गेले.

झालं! आमच्या संशयाला असं खाद्य कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. सरपंचाने म्हाताऱ्याचं तोंड शिवलं, हे पानठेल्यावर ठरलं. कशाने शिवलं, यावर मतभेद होते. कुणी म्हणे घरकुल, कुणी म्हणे म्हाताऱ्याच्या मुलाला पंचायतीत चिकटवणार. माझी स्वतःची एक उपपत्ती होती, तिच्यात एक जर्सी गाय होती. मी ती अभिनयासकट ऐकवत असे आणि लोकांना ती फार आवडे. गंमत म्हणजे बंडूभाऊही अस्वस्थ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हाताऱ्यानं मले सोडलं काहून? याच्यात काहीतरी मोठं हाय."

संध्याकाळी मी ओट्यावर गेलो. म्हटलं, "काका, झडती काहून नाही पूर्ण केली?"

काका भडकले. मी त्यांना पहिल्यांदा भडकलेलं पाहिलं. "तुले काय कराचं? तू कोन इचारनारा?"

अशी संधी मी सोडणार होतो? दोन्ही तळहात आभाळाकडे केले, चेहरा निष्पाप केला आणि म्हटलं, "बाप्पा! म्या तं इचारलं."

काकांनी अडकित्ता उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तसं नाही इचारत रे."

मला वाटलं, सापडला चोर. जर्सी गाय नक्की.

पुढच्या वर्षी, पोळ्याच्या थोडं आधी, मला वंदनावैनीचा फोन आला. वंदना काकांची सून, वणीची मुलगी, बोलायला खणखणीत. तिचा नवरा प्रमोद माझा वर्गमित्र. शाळेत मास्तरांनी विचारलं तरी गप्प राही, आता बायको आणि बाप दोघांसमोर गप्प राहतो.

"भावजी, तुम्ही या अन् निकाल लावा," वैनी म्हणाली. "मामाजी रोज ओट्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याले आयकू येईन असं मले इचारतेत, चहा काहून नाही देला? पाच मिनिटं नाही झाले चहा देऊन! काल रहीमभाईसमोर म्हनतेत, आज जेवन काहून नाही वाढलं? थाली माह्या हातात, उष्टी! गावात बाया मले पाहून पदर तोंडाले लावतेत. म्हनतेत, सासू मेली अन् सुनेनं सासऱ्याले उपाशी ठेवलं. सासूबाई होत्या तवा नाही बोलले असं. मले घालून पाडून बोलाचं अन् वरून, म्या तं इचारलं! पोया झाला की मी लेकरू घेऊन वणीले चालली. खोली पाह्यली हाय. हे आले तं ठीक, नाही आले तं ठीक. मामाजीचं पाहो त्यायच्या भाच्यानं."

गावातच राहणारा काकांचा भाचा कसा आहे, ते सगळ्या गावाला माहीत होतं. तो गुरांनाही नीट सांभाळत नसे.

मी गेलो. प्रामाणिकपणे सांगायचं, तर दोघांवरही संशय घेऊन गेलो. म्हातारा बिलंदर आहे, यात शंका नव्हती. पण सूनही दुधात पाणी घालून चहा देत असेल, कुणी सांगावं? दुपारी ओट्याच्या आडोशाला खाट टाकून मी झोपेचं सोंग घेतलं. लहानपणी नाटकात प्रेताचं काम केलेलं आहे, त्यामुळे सोंगात मी कमी पडत नाही.

वैनीने चहा आणून दिला. चांगला दाट, वाफाळता, कप काठोकाठ. मी एका डोळ्याने पाहिलं. काकांनी अर्धा चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले. मग कप उचलला, खांबामागच्या कोनाड्यात ठेवला, शेजारची वाटी त्यावर पालथी घातली आणि पुन्हा येऊन बसले. बशी वैनीचं लेकरू आत घेऊन गेलं. रस्त्याकडे पाहत काका थोडा वेळ बसले. मग आत तोंड करून, अगदी ओळखीच्या त्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, चहा काहून नाही देला वं?"

आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी उठलो आणि कोनाड्यापाशी गेलो. तिथे एकच कप नव्हता. मागे ओळीने कप होते, प्रत्येकावर काही ना काही झाकण. वाटी, बशी, एकावर तर पळसाचं पान. आतल्या चहावर साय धरून वाळली होती, एकात मुंग्या. घरातले कप कुठे जातात म्हणून वैनी मोलकरणीवर संशय घेत होती, हे मला मागून कळलं.

"काका, हे काय?"

"सरूचा," काका म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "काहून नाही आली रे अजून? वावरातून याले इतका येळ?"

मी आयुष्यभर या माणसाच्या 'काहून नाही'च्या आत काय दडलंय ते शोधत आलो होतो. खिडकी, तूर, बूट, प्रत्येक वेळी काहीतरी सापडलं होतं. या वेळीही सवयीने शोधलं. आत काहीच नव्हतं. नुसता प्रश्न होता. म्हाताऱ्याला खरोखर माहीत नव्हतं.

मी वैनीला हाक मारली आणि कोनाडा दाखवला. ती कप मोजायला लागली आणि मधेच थांबली. खाली बसली. म्हणाली, "म्हंजे थे मले नाही बोलून राह्यले होते?"

"नाही."

"मंग त्या पोयाले, झडती..."

"विसरले असतील," मी म्हटलं. जर्सी गायीबद्दल मी काही बोललो नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. स्मरण जातंय, गेलेलं परत येणार नाही. घरी आल्यावर प्रमोदने तोंड उघडलं, "मी म्हनतच होतो." तो काय आणि कधी म्हणत होता, ते कुणी विचारलं नाही. पण वणीची खोली वैनीने सोडली नव्हती. "पाहू," एवढंच म्हणाली. समजणं वेगळं आणि तोच प्रश्न दिवसभर ऐकणं वेगळं. गावाला तर काहीच माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी गावाने त्यातही सुनेचा डाव पाहिला असता.

पोळा आला. काकांना आम्ही तोरणाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नवं धोतर, डोक्यावर टोपी. ते दिसताच गर्दीत कुजबुज झाली. बंडूभाऊंनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि पुन्हा वर केल्या. बैल आले, तेही थोडेच. मागे ट्रॅक्टर उभे होते, बोनेटवर झूल, आरशांना फुगे. अलीकडे आमच्याकडे ट्रॅक्टरलाही ओवाळतात. दोन-चार पोरांनी मोबाईलमध्ये पाहून झडत्या म्हटल्या. कुणाला झोंबल्या नाहीत.

तेवढ्यात काका खुर्चीतून उठले. त्यांनी रांगेवरून सावकाश नजर फिरवली, गुरुजींच्या भिंतींवरून फिरवली होती तशीच. आणि विचारलं,

"बैल काहून नाही आनले?"

यमक नव्हतं, गजर नव्हता. तरी असा टाळ्यांचा कडकडाट झाला की बैल बुजले. "वा नथ्थूजी! क्या मारा!" रहीमभाई ओरडले. ट्रॅक्टरवाले माना खाली घालून हसत होते. बंडूभाऊ तर आनंदाने लाल झाले, कारण त्यांच्याकडे अजून बैलजोडी होती. जो तो म्हणत होता, म्हातारा परत आला, आयुष्यातली सगळ्यात भारी झडती टाकली.

आणि काका तसेच उभे होते. टाळ्या कशाच्या, ते त्यांना कळत नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी विचारलं होतं, आणि कुणी सांगत नव्हतं.

बायकांच्या घोळक्यातून वंदनावैनी निघाली. हातात ओवाळणीचं ताट. आमच्याकडे झडतीच्या वेळी बाया तोरणाखाली येत नाहीत. ती आली. टाळ्या हळूहळू थांबल्या. आता सून सासऱ्याला सगळ्यांसमोर काय सुनावते, म्हणून गाव पुढे सरकलं.

"मामाजी," ती त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, "बैल इकले. आपला चांद्या इकला, बांड्याही इकला. चाराले मानूस भेटत नाही, अन् कडबा पुरत नाही. म्हनून नाही आनले."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"बरं," ते म्हणाले. "मले वाटलं, हायेत अन् माह्याच डोयाले दिसून नाही राह्यले."

कुणी हसलं नाही. रहीमभाईंनी डोळ्यांवर रुमाल धरला. वैनीने काकांचा हात धरला आणि त्यांना सावकाश घरी घेऊन गेली, आणि गावाने वाट करून दिली. त्या दिवशी तोरण कुणी तोडलं, ते मला आठवत नाही.

वणीची खोली वैनीने सोडून दिली. काका नंतर दोनेक वर्षं होते. चहा काहून नाही? "देला, मामाजी. अजून आनू?" दिवसातून कितीही वेळा. सरू काहून नाही आली? सुरुवातीला वैनी खरं ते सांगे, पण काका दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडत. मग तिने उत्तर बदललं. "त्यायचा कप झाकून ठेवला, मामाजी," ती म्हणे. यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी ती कोनाड्यातले कप धुऊन टाकी. शेवटी-शेवटी तर काकांना घरातल्या कुणाचं नाव आठवत नसे, पण कप झाकायला ते विसरले नाहीत.

ते गेले तेव्हा कापूस वेचणीला आला होता. तेरवीला गाव जेवायला होतं. मी पंगतीत बसलो, माझ्या शेजारी बंडूभाऊ. वैनी स्वतः वाढत होती. मी हात आखडता घेतलेला पाहून ती थांबली. "भावजी, काहून नाही घेत?"

जुन्या सवयीने मी चटकन वर पाहिलं. हिला काय सुचवायचंय? स्वयंपाक आवडला नाही म्हणते? की काकांकडे मी शेवटी कमी आलो, ते? वैनी वाढायचं ताट हातात धरून उभी होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने विचारलं होतं.

"पोट भरलं, वैनी."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे गेली. बंडूभाऊंच्या पत्रावळीत न विचारताच दोन बुंदीचे लाडू टाकून गेली.

बंडूभाऊ लाडवांकडे पाहत राहिले. मग माझ्या कानाशी आले आणि अतिशय संशयाने म्हणाले, "तुमाले इचारलं. मले काहून नाही इचारलं?"